एक छोटा डोंगर, तीन देश आणि पायथ्याची गावं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात व्हाल्सरबर्गवर दोन पानं लिहिली होती, त्यावर एवढे प्रश्न आले की हा महिना पूर्ण त्यालाच दिलाय. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नेदरलँड्सच्या अगदी खालच्या टोकाला, लिम्बर्ग प्रांतात, व्हाल्स नावाचं गाव आहे, त्याच्या डोक्यावर ही ३२२ मीटरची झाडीभरली टेकडी, आणि माथ्यावर नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनी या तिघांच्या सीमा एका दगडापाशी मिळतात. एका बाजूला उतरलात की व्हाल्स, दुसऱ्या बाजूला जर्मनीतलं आखेन शहर, तिसऱ्या बाजूला बेल्जियममधलं गेमेनिख, आणि तसंच थोडं दक्षिणेला गेलं की केल्मिस. आता प्रश्न घेऊ.

ताई, ३२२ मीटरला कोणी डोंगर म्हणतं का? आणि नेदरलँड्समधलं सर्वात उंच ठिकाण हेच ना? माझा मुलगा म्हणतो नाही.

मुलगा बरोबर आहे, पण तुमचंही पूर्ण चुकलेलं नाही. युरोपातल्या नेदरलँड्सचा विचार केला तर हीच सर्वात उंच जागा. पण १० ऑक्टोबर २०१० ला कॅरिबियनमधलं साबा हे बेट थेट नेदरलँड्सची विशेष नगरपालिका झालं आणि तिथला माउंट सीनरी हा ज्वालामुखी साडेआठशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे कागदोपत्री मान त्याच्याकडे गेला. डोंगर म्हणायचं का हे कुठे उभे राहून विचारता त्यावर आहे. आपलं पुणं शहरच समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर बसलंय, म्हणजे शनिवारवाड्याच्या दारात उभा असलेला माणूससुद्धा या शिखराच्या वर आहे. पण ज्या देशाचा पाव भाग समुद्राच्या पातळीखाली आहे तिथल्या माणसाला हा डोंगरच वाटणार, आणि सायकलवाल्यांना तर नक्कीच, कारण अ‍ॅमस्टेल गोल्ड रेस याच भागातल्या चढांवरून जाते आणि तिथे भल्याभल्यांची दमछाक होते.

देश तीन, मग वर जाणाऱ्या रस्त्याचं डच नाव "व्हिएरग्रेन्झनवेग" म्हणजे चार सीमांचा रस्ता कसं काय? पाटी चुकलीय का?

पाटी बरोबर आहे. हा प्रश्न सहा जणांनी विचारलाय आणि मला सगळ्यात जास्त आवडलेला हाच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथे खरंच चार सीमा मिळत होत्या. चौथा होता न्यूट्रल मोरेसनेट, साधारण साडेतीन चौरस किलोमीटरचा एक चिंचोळा त्रिकोण, ज्याचं टोक याच टेकडीवर होतं आणि पाया दक्षिणेला आखेन-लिएज रस्त्यावर. तो ना प्रशियाचा (तेव्हाचं मोठं जर्मन राज्य) होता ना नेदरलँड्सचा, आणि याला कारण ना धर्म ना भाषा, कारण जस्त.

केल्मिसला जमिनीखाली जस्ताच्या खनिजाचा मोठा साठा होता. तांब्यात ते खनिज मिसळून पितळ करायचं काम या भागात मध्ययुगापासून चालायचं, पण शुद्ध जस्त काढणं कोणाला नीट जमत नव्हतं. लिएजच्या जाँ-जाक दानिएल दोनी यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला त्यासाठी भट्टी बसवली, खाणीचा परवाना त्यांना नेपोलियनच्या राजवटीत मिळाला होता, आणि त्यांनी नेपोलियनला जस्ताचं एक बाथटब भेट दिलं होतं, ते अजूनही लिएजच्या म्युझियममध्ये आहे. दोनी स्वतः मात्र कर्जात बुडाले. त्यांच्यानंतर खाण व्हिएय मॉन्तान्य या कंपनीकडे आली, ही कंपनी १८३७ मध्ये उभी राहिली आणि बघता बघता जगातली एक मोठी जस्त कंपनी झाली. पॅरिसच्या फोटोंमध्ये आपण जी राखाडी छपरं बघतो ना, ती जस्ताच्या पत्र्याची असतात, आणि त्यासाठी जस्त पुरवणाऱ्यांत ही कंपनी आघाडीवर होती.

नेपोलियन हरल्यावर १८१५ मध्ये व्हिएन्नात नकाशे नव्याने आखले गेले तेव्हा प्रशिया आणि नेदरलँड्स दोघांनाही ही खाण हवी होती. करारातली कलमं प्रत्येकाने आपल्या सोयीने वाचली आणि कोणीच मागे हटेना. शेवटी २६ जून १८१६ च्या आखेनच्या करारात तोडगा निघाला, की एक तुकडा नेदरलँड्सला, एक प्रशियाला आणि खाण असलेला मधला भाग तटस्थ, दोघांनी मिळून सांभाळायचा. व्यवस्था तात्पुरती होती, पण टिकली शंभर वर्षांहून जास्त. १८३० मध्ये बेल्जियम वेगळा झाला तेव्हा नेदरलँड्सच्या जागी बेल्जियम आला, आणि डोंगरमाथ्यावर चार सीमा भिडल्या.

लोक तिथे का जायचे हे समजून घेतलं तर गावाचं चित्र समोर येतं. कायदा नेपोलियनच्या काळचाच चालू राहिला, कर कमी, जकात नाही, आणि सुरुवातीला सैन्यात सक्तीची भरतीसुद्धा नाही. नंतर दोन्ही देशांनी आपापल्या नागरिकांची ती सवलत काढून घेतली, फक्त मूळच्या रहिवाशांचे वंशज "न्यूट्रल" म्हणून सुटे राहिले. १८१६ मध्ये वस्ती अडीचशेच्या आसपास होती, १९१४ पर्यंत ती साडेचार हजारांच्या वर गेली. दारूच्या भट्ट्या आणि गुत्तेही भरपूर झाले.

खाणीतला साठा १८८५ मध्ये संपला आणि मग प्रश्न पडला, की खाण नाही तर हा तुकडा वेगळा कशासाठी ठेवायचा? याला उत्तर शोधायला धडपडले ते डॉक्टर विल्हेल्म मोली, खाणीच्या कंपनीचे डॉक्टर. १८८६ मध्ये त्यांनी मोरेसनेटची स्वतःची टपालसेवा आणि तिकिटं सुरू करून पाहिली, ती लगेच बंद पाडली गेली. मग १९०८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी ठरवलं की हा एस्पेरांतो, म्हणजे सगळ्या जगाला सोपी पडावी म्हणून मुद्दाम बनवलेली भाषा, बोलणारा देश करायचा, नाव अमिकेयो. काही गावकरी ती भाषा शिकूही लागले. मला मोली यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. दोन राज्यांच्या भांडणातून उरलेल्या जागेला त्यांनी काहीतरी अर्थ द्यायचा प्रयत्न केला.

१९१४ मध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं आणि १९१५ मध्ये प्रशियाने मोरेसनेट ताब्यात घेतलं. व्हर्सायच्या तहाने ते बेल्जियमला दिलं आणि जानेवारी १९२० पासून तो देश नकाशातून गेला. म्हणून वर आता तीनच सीमा. रस्त्याला बेल्जियमच्या बाजूने फ्रेंचमध्ये तीन सीमाखांबांचा रस्ता म्हणतात आणि जर्मनीच्या बाजूने तीन देशांचा रस्ता. डच लोकांनी मात्र चौथ्याला पाटीवर जागा दिलीय, आणि मला ते फार बरं वाटतं.

मग त्या गावांतली माणसं स्वतःला कोण समजतात? म्हणजे केल्मिसचा माणूस जर्मन की बेल्जियन?

नागरिकत्वाने बेल्जियन, भाषेने जर्मन, आणि मनाने केल्मिसचा, असं मला तरी दिसलं. बेल्जियममध्ये जर्मन भाषिकांचा एक अधिकृत समाज आहे, त्याचं स्वतःचं विधिमंडळ ऑयपनला आहे, त्यात नऊ नगरपालिका येतात आणि केल्मिस त्यातलीच एक. शेजारचं गेमेनिख मात्र प्लोम्बिएर नगरपालिकेत येतं आणि तिथे अधिकृत भाषा फ्रेंच. घराघरांतली जुनी बोली मात्र सगळीकडे एकमेकींना जवळची, म्हणजे व्हाल्सची आजी, आखेनची आजी आणि केल्मिसची आजी आपापल्या बोलीत बोलत बसल्या तर दुभाषी लागायचा नाही. कार्निव्हलच्या दिवसांत तर हे फारच जाणवतं, तिन्हीकडे सारखीच धमाल.

१९१० मध्ये केल्मिसात जन्मलेल्या माणसाचं आयुष्य डोळ्यापुढे आणा. जन्म न्यूट्रल मोरेसनेटमध्ये, पाच वर्षांचा असताना प्रशियाचा झाला, दहाव्या वर्षी बेल्जियमचा, १९४० मध्ये परत जर्मनीत ओढला गेला, १९४४ मध्ये पुन्हा बेल्जियम. आणि या सगळ्यात घर एकदाही बदललं नाही. अशा माणसाला "तू कोणाचा" विचारलं तर तो काय सांगेल? त्यामुळे माझं वाचकांना सांगणं असं, की डोंगरमाथ्यावरच्या दगडापाशी फोटो काढून तसेच परत फिरू नका, खाली गावात उतरा, कारण सीमेचं खरं काय झालं ते दगडावर नाही, माणसांच्या घरात कळतं.

व्हाल्सचीही गोष्ट अशीच. १७-१८व्या शतकात आखेन कट्टर कॅथलिक, तिथे प्रोटेस्टंटांना उघडपणे प्रार्थना करता यायची नाही, म्हणून ते चालत सीमा ओलांडून डच हद्दीतल्या व्हाल्सला यायचे. एवढ्याशा गावात त्यामुळे वेगवेगळ्या पंथांची चर्च उभी राहिली. योहान आर्नोल्ड फॉन क्लेरमॉंट हे लुथरन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) कापड कारखानदार त्याच कारणाने आणि आखेनच्या कारागीर संघांच्या बंधनांना कंटाळून व्हाल्सला आले आणि त्यांनी गावाला कापडाच्या धंद्यावर मोठं केलं. गावात त्यांचं घर अजून उभं आहे, जरूर बघा.

माझी मुलगी आखेनला एमएसला चाललीय. मैत्रीण म्हणते व्हाल्सला खोली स्वस्त मिळते आणि युनिव्हर्सिटी बसने जवळ आहे. घ्यावी का? मी आई आहे, काळजी वाटते.

काळजी बरोबर आहे ताई, आणि ती सुरक्षिततेची नाही, कागदांची आहे. अंतर काहीच नाही, आखेनचं मोठं हॉस्पिटल आणि युनिव्हर्सिटीचा पश्चिमेचा भाग तर व्हाल्सच्या सीमेला अगदी लागून आहे, आणि युरोपियन युनियनची कितीतरी मुलं व्हाल्सला राहतात. पण आपल्या मुलीचा पासपोर्ट भारतीय. जर्मनीच्या शिक्षणाच्या परवान्यावर तिला दुसऱ्या शेंगेन देशात (युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात) कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, तेही पाहुणी म्हणून. दोन वर्षांचं घर करणं त्यात बसत नाही, आणि जर्मनीतला पत्ताच नसेल तर परवाना वाढवताना अडचण येणार, इन्शुरन्स आणि बँकेचे प्रश्न वेगळेच. मैत्रिणीकडे युरोपियन नागरिकत्व असेल तर तिचा सल्ला तिच्यासाठी योग्य आहे, तुमच्या लेकीसाठी नाही.

तेव्हा खोलीचा डिपॉझिट देण्याआधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. तोंडी "चालतंय ना" वर विसंबू नका. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष आखेनमध्येच काढू द्या, भाडं थोडं जास्त पडलं तरी, आणि व्हाल्सला शनिवारी बाजाराला जाऊ द्या. एक आणखी, जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या सीमेवरही तपासणी सुरू केली आणि नेदरलँड्सनेही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केली, नंतर मुदती वाढत गेल्या, त्यामुळे नुसतं दूध आणायला पलीकडे गेली तरी पासपोर्ट आणि परवाना बरोबर हवा. रोज कोणी अडवतं असं नाही, पण अडवलं तर कागद हवेत.

आजोबा सांगायचे की युद्धानंतर तिकडे कॉफीची स्मगलिंग चालायची आणि लहान मुलंसुद्धा करायची. खरं आहे का?

अगदी खरं. युद्धानंतर जर्मनीत कॉफीवर जबरदस्त कर होता आणि बेल्जियममध्ये ती स्वस्त, आणि मधे जंगल. आखेनच्या आसपासची अर्धीअधिक घरं पडलेली, ऑक्टोबर १९४४ मध्ये लढाईनंतर मित्रराष्ट्रांच्या ताब्यात आलेलं हे पहिलं मोठं जर्मन शहर, खायला नाही, काम नाही. मग लोक रात्री टेकडीच्या आणि दक्षिणेकडच्या जंगलातून पाठीवर पोती घेऊन यायला लागले. मुलं तर टोळीने यायची, कपड्यांच्या आत कॉफी कोंबून, शंभर मुलं एकदम सीमेकडून धावत सुटली तर दोन कस्टमवाले कोणाकोणाला पकडणार? मोठ्या टोळ्यांनी पुढे जुन्या लष्करी गाड्या वापरल्या आणि पाठलाग करणाऱ्यांच्या टायरखाली अणकुचीदार लोखंडी काटे फेकायला सुरुवात केली, तर कस्टम्सने एका पोर्शे गाडीला पुढे झाडू लावले, काटे बाजूला सारत धावायला.

हे ऐकायला मजेशीर वाटतं पण गोळीबार व्हायचा आणि माणसं मेली, म्हणून आजोबांनी काय पाहिलं असेल याचा विचार करूनच ही गोष्ट सांगा मुलांना. १९५३ मध्ये जर्मनीने कॉफीवरचा कर बराच उतरवला आणि धंदा बसला. नेदरलँड्समधून बेल्जियममध्ये लोणी नेणं मात्र त्यानंतरही काही वर्षं चाललं. आखेनच्या होरबाख भागात कस्टम्सचं एक छोटं म्युझियम आहे, त्यात लपवाछपवीच्या एकेक युक्त्या बघायला मिळतात.

आणि याहून काळी गोष्ट पहिल्या महायुद्धाची. १९१५ मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियम आणि तटस्थ नेदरलँड्सच्या मधे विजेचं कुंपण घातलं, २,००० व्होल्टचं, या व्हाल्सच्या भागापासून पार शेल्ट नदीच्या मुखाकडे. त्या काळात खेड्यातल्या बऱ्याच जणांनी घरात वीज पाहिलेलीच नव्हती, तारेला हात लावला तर माणूस मरतो हे त्यांना कळायला प्रेतं पडावी लागली.

मला झाडाफुलांची आवड आहे. तिथे जस्तावर उगवणारी फुलं असतात असं वाचलं, ही काय भानगड?

खाणीच्या मातीत जस्त आणि शिसं इतकं असतं की साधं गवतही धड वाढत नाही. पण काही झाडांनी तिथे जमवून घेतलंय. त्यातली राणी म्हणजे जस्ताची पिवळी व्हायोलेट, शास्त्रीय नाव व्हायोला कॅलामिनारिया. बोटाच्या पेराएवढं फूल, पिवळंधम्मक, मधोमध गळ्याशी बारीक काळ्या रेघा, आणि जमिनीलगत झुपक्याने वाढतं, उभं राहून बघाल तर चुकून पाय पडेल, म्हणून गुडघ्यावर बसा. केल्मिस आणि प्लोम्बिएरच्या जुन्या खाणींच्या जागी ती दिसते, प्लोम्बिएरला तर तो भाग राखीव केलाय. ग्यूल नदी केल्मिसकडून वाहत प्लोम्बिएरवरून नेदरलँड्समध्ये शिरते, तिने पुराबरोबर जस्ताचा गाळ खाली नेला आणि त्यामुळे डच बाजूच्या एपेन गावाजवळच्या कुरणांतही हे फूल उगवलं. पूर्ण नेदरलँड्समध्ये हे फक्त या नदीकाठी सापडतं.

काळजीची बाब अशी की खाण बंद झाली, नवा गाळ येत नाही, शेतात खतं पडतात, मग साधं गवत जोर धरतं आणि हे फूल मागे हटतं. म्हणजे प्रदूषण कमी झालं की हे कमी होतं! आता तिथले लोक मुद्दाम माती उघडी ठेवून त्याला जागा करून देतात, आणि मला ते योग्यच वाटतं. मे-जूनमध्ये जा, आणि कृपा करून तोडू नका, कुंडीत आणून लावायच्या फंदात तर अजिबात पडू नका, आपल्या मातीत ते जगणार नाही.

आईबाबा (वय ७०च्या पुढे) येत आहेत, आम्ही मास्ट्रिख्तला राहतो. एका दिवसात काय दाखवू? बाबांचे गुडघे दुखतात.

मास्ट्रिख्तहून आखेनला जाणारी ३५० नंबरची बस गुल्पेन आणि व्हाल्सवरून जाते, खिडकीशी बसवा, तो रस्ताच बघण्यासारखा आहे. व्हाल्सहून माथ्यापर्यंत चालायचा चढ गुडघ्यांना नको, टॅक्सी करा किंवा गाडी असेल तर थेट वर न्या, पार्किंग आहे. वर दगडापाशी जमिनीवर सीमेच्या रेघा आखलेल्या आहेत, बाबांना एका पायाने जर्मनीत आणि एका पायाने बेल्जियममध्ये उभं करून फोटो काढाच, त्यात लाजायचं काय. नेदरलँड्स-बेल्जियम सीमेच्या खांबांची मोजणी इथूनच सुरू होते, खांब नंबर १ इथे आणि ३६९ उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर, ते बाबांना सांगा, आवडेल.

मनोरे दोन आहेत. डच बाजूचा विल्हेल्मिना मनोरा, २०११ मध्ये नव्याने बांधलेला, ३५ मीटर, वर काचेची जमीन आहे, आईला उंचीची भीती असेल तर खालीच चहा प्या. बेल्जियमच्या बाजूचा बोदुएँ राजाच्या नावाचा मनोरा ५० मीटर, तिथून आखेनची चर्च आणि पलीकडे आयफेलचे डोंगर दिसतात. झाडांच्या कुंपणाची भूलभुलैया पण आहे, पण त्यात भरपूर चालणं होतं, ती नातवंडांसाठी ठेवा. आणि तुम्ही वर उभे असता तेव्हा पायाखालून, डोंगराच्या पोटातून, मालगाड्या बेल्जियम आणि जर्मनीच्या मधे धावत असतात, गेमेनिखचा बोगदा आठशे मीटरहून लांब आहे आणि १८७०च्या दशकातला आहे.

दुपारी केल्मिसला जा. व्हिएय मॉन्तान्य म्युझियम कंपनीच्या जुन्या कचेरीत आहे, २०१८ मध्ये सुरू झालं, सगळं एका छपराखाली आहे त्यामुळे बाबांना त्रास होणार नाही, आणि मोरेसनेटची सगळी गोष्ट तिथे वस्तूंसकट बघायला मिळते. वेळा निघण्याआधी तपासून घ्या. वेळ उरला तर मोरेसनेट गावाच्या दरीवरचा रेल्वेचा पूल खालूनच बघा, १.१ किलोमीटर लांब, पहिल्या महायुद्धात जर्मनांनी रशियन युद्धकैद्यांना राबवून बांधला. परतताना आखेनला उतरून मध्ययुगातला सम्राट शार्लमेनचं कॅथीड्रल दाखवा, युनेस्कोच्या १९७८च्या पहिल्यावहिल्या यादीतलं आहे, बाकडी भरपूर आहेत, बाबा निवांत बसतील. चौघांचेही पासपोर्ट बरोबर ठेवा, हे वर एकदा सांगितलंय तरी परत सांगते, आणि तुमचं डच राहण्याचं कार्डही.